मैदान खुले, तंबू बंद

सर्व भारताच्या नावाने क्रिकेट संघ पहिल्यांदा इंग्लंडला गेला तो १९११ साली. त्या दौऱ्यात एकशे चौदा बळी घेणारा गोलंदाज पुण्यात खेळपट्टीवर रूळ ओढून मोठा झाला होता. बाळू पालवणकर यांच्या आयुष्याची ही हकीकत.

सप्टेंबर २०२२ मध्ये भारताचा महिला क्रिकेट संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर होता. वीस षटकांचे सामने इंग्लंडने दोन विरुद्ध एक असे जिंकले. पुढे एकदिवसीय सामन्यांत मात्र हरमनप्रीत कौरच्या संघाने इंग्लंडला त्यांच्याच घरी तीनही सामन्यांत धूळ चारली आणि लॉर्ड्सवरच्या शेवटच्या सामन्यात झुलन गोस्वामीला विजयाचा निरोप दिला. त्या संघात सांगलीची स्मृती मानधना होती. त्याच दौऱ्यात भारताची टोपी पहिल्यांदा घातलेली एक मुलगी सोलापूर जिल्ह्यातली होती. तिचे नाव किरण नवगिरे. पंढरपूरला लागून असलेल्या माळशिरस तालुक्यातल्या शेतकरी घरातली ही मुलगी. आषाढीला ज्ञानोबांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर असे मुक्काम करीत ज्या वाटेने पंढरीला येते, त्या मुलखातून कोणी इंग्लंडच्या मैदानावर भारतासाठी फलंदाजीला उतरेल, हे आधीच्या पिढीला सांगून पटले नसते.

दोन देशांच्या संघांनी एकमेकांकडे पाहुणे म्हणून जायचे, खेळायचे, हरायचे, जिंकायचे आणि परत यायचे, हे आता आपल्या अंगवळणी पडले आहे. कोण जिंकले एवढेच आपण पाहतो. परंतु संघात कोणाला घ्यायचे, घेतलेल्याला पंगतीत बसवायचे की नाही आणि पुढारीपण कोणाला द्यायचे, हे प्रश्न भारतीय क्रिकेटच्या पहिल्या दौऱ्यापासून त्याच्या मागे लागलेले आहेत. ते ज्या माणसाच्या वाट्याला सर्वांत आधी आणि सर्वांत कठोरपणे आले, तो मराठी होता. त्याच्या धाकट्या भावाचे नाव होते विठ्ठल. ज्या देवाचे नाव घरात ठेवायला कोणाची हरकत नव्हती, त्या देवाच्या पायांवर डोके ठेवायला मात्र या घराला पंढरपुरात मज्जाव होता. या माणसाची कहाणी समजायची तर ही गोष्ट आधी ध्यानात घ्यायला हवी.

तीन रुपयांची नोकरी

पालवणकर हे आडनाव कोकणातल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालवण गावावरून आलेले. कुटुंब चर्मकार समाजाचे, म्हणजे त्या काळी अस्पृश्य मानले गेलेले. बाळूंचा जन्म १८७६ च्या सुमाराचा, धारवाडचा. वडील लष्कराच्या सेवेत होते आणि लष्कराबरोबर हे कुटुंब पुण्याला आले. साहेबांच्या छावणीत राहणाऱ्या मुलांना एक गोष्ट फुकट मिळे, ती म्हणजे क्रिकेट पाहणे. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि झिजलेले चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचा भाऊ शिवराम खेळू लागले. पाठोपाठचे गणपत आणि विठ्ठल हे भाऊही याच खेळात वाढले. एकाच घरातले चार भाऊ पहिल्या प्रतीचे क्रिकेट खेळले, हे आजही नवलाचे वाटते. त्यात हे घर कोणते आणि काळ कोणता, हे पाहिले म्हणजे नवल दुणावते.

शाळा लवकर सुटली आणि पोटासाठी काम पाहणे भाग पडले. पुण्यातल्या पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात बाळूंना नोकरी मिळाली. मैदान झाडायचे, खेळपट्टीवर रूळ फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. सभासदांचा सराव चालू असताना अधूनमधून त्यांना चार चेंडू टाकायला मिळत. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबात गेले. तेथे महिना चार रुपये मिळू लागले. रूळ ओढायचा, खेळपट्टी आखायची, सरावाची जाळी बांधायची, हे काम होतेच. त्यात सरावासाठी गोलंदाजी करण्याची भर पडली.

पूना क्लबातल्या गोऱ्या खेळाडूंत कॅप्टन ग्रेग हा नामांकित फलंदाज होता. इंग्लंडमध्ये तो हॅम्पशायर परगण्याकडून खेळे. सराव पक्का व्हावा म्हणून तो इतरांच्या आधी तासभर मैदानावर येई आणि बाळूंना गोलंदाजीला लावी. प्रत्येक वेळी आपल्याला बाद केल्यास आठ आणे देण्याचा त्याचा रिवाज होता. हिशेब करून पाहावा. ग्रेगला महिन्यात आठ वेळा बाद केले, की रूळ ओढण्याच्या अख्ख्या महिन्याच्या पगाराएवढी रक्कम वर पडे. डाव्या हाताच्या संथ फिरकीवरची ती कमालीची हुकमत, एकाच ठिकाणी टप्पा टाकण्याची ती सवय आणि एकाच ढंगाच्या हालचालीतून चेंडू कधी बाहेर, कधी आत वळवण्याची कला या पहाटेच्या तालमीत घडली. बाळू तासन्‌तास गोलंदाजी करीत. त्या क्लबात त्यांच्या हाती बॅट मात्र कोणी दिली नाही. चेंडू टाकणे हे नोकराचे काम आणि तो टोलवणे हा साहेबाचा हक्क, अशी ती वाटणी होती.

एकच चेंडू, वेगळा पेला

त्या वेळी पुण्यात हिंदूंचा एक क्लब गोऱ्यांशी सामने खेळे. गोऱ्यांना हरवायचे तर बाळूसारखा गोलंदाज संघात हवा, हे क्लबातल्या सर्वांनाच दिसत होते. प्रश्न होता त्यांच्या जातीचा. त्यावर सभासदांत दोन तट पडले. तेलुगू सभासदांचा बाळूंना घेण्याकडे कल होता आणि महाराष्ट्रीय ब्राह्मण मंडळींपैकी काहींचा विरोध होता. इकडे ग्रेगने बाळूंच्या गुणांचे उघड कौतुक केले, त्याचाही परिणाम झाला. अखेर बाळू संघात आले.

संघात आले, पण कुठपर्यंत? मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळायचा. बाळूंनी टाकलेला चेंडू यष्टिरक्षक झेलणार, क्षेत्ररक्षक तो अडवणार, कर्णधार तोच चेंडू घासून पुन्हा त्यांच्या हाती देणार. त्यात कोणाला विटाळ होत नव्हता. चहाची वेळ झाली की इतर दहा जण तंबूत जात. बाळूंना चहा बाहेर मिळे, तोही मातीच्या मडक्यात. पिऊन झाले की मडके फेकून द्यायचे. जेवणाचे पान वेगळे, जागा वेगळी. हातपाय धुवायचे तर त्यांच्याच सारखा अस्पृश्य मानलेला नोकर कोपऱ्यात येऊन पाणी घाली. खेळाच्या मैदानावरची समता सीमारेषेशी संपत होती.

बाळूंनी यावर त्या वेळी काय म्हटले, याची चर्चा करण्यात अर्थ नाही. त्यांनी गोलंदाजी केली, एवढे खरे. त्यांच्या जोरावर पुण्याच्या हिंदूंनी पुण्याच्या गोऱ्यांना हरवले. साताऱ्याला फक्त गोऱ्यांसाठी असलेला जिमखाना होता. त्या जिमखान्याशी सामना ठरला, तेव्हा बाळूंच्या फिरकीची धास्ती घेतलेल्या यजमानांनी खेळपट्टी आठवडाभर रूळ फिरवून टणक करून घेतली होती, असे सांगतात. रूळ आणि खेळपट्टी यांचे नाते ज्याने पोटासाठी शिकून घेतले होते, त्याच्यापुढे ही युक्ती चालली नाही. बाळूंनी सात गडी टिपले आणि हिंदूंनी सामना खिशात घातला.

या विजयाचा गाजावाजा झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी बाळूंचा जाहीर गौरव केला. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खाणेपिणेही व्हायला हवे, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय. लोकमान्य टिळकांनीही बाळूंचे जाहीर कौतुक केले. पुण्यातले हे दोन पुढारी सहसा एका बाजूला उभे राहत नसत. बाळूंच्या बाबतीत ते राहिले. यातून दिसते ते असे, की गोऱ्यांना हरवण्याची गोडी जातीच्या हट्टावर मात करू लागली होती. मात्र ती पुरती मात नव्हती. विजयाच्या दिवशी हार घालणारे हात आणि दुसऱ्या दिवशी वेगळे पान मांडणारे हात एकाच गावातले होते.

मुंबईच्या जिमखान्यात

१८९६ साली प्लेगची साथ आली आणि पुणे-मुंबईची घडी विस्कटली. याच सुमारास बाळू मुंबईला आले आणि पुढे आयुष्यभर मुंबईकर झाले. काही काळ लष्करात, मग बी. बी. सी. आय. रेल्वेत अशी नोकरी लागली. रेल्वेच्या संघातून ते खेळू लागले आणि परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यात त्यांना प्रवेश मिळाला. येथेही काही सभासदांनी कुरकुर केलीच. तरी मुंबईचे वारे पुण्याहून मोकळे होते.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू आणि युरोपियन यांच्यात सामना झाला. त्याआधी युरोपियनांशी टक्कर देत ते पारशी. हिंदू या रांगेत नवे होते. हिंदूंनी पहिल्या डावात २४२ आणि दुसऱ्या डावात १६० धावा केल्या. युरोपियनांचा पहिला डाव १९१ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात जिंकायला २१२ हव्या असताना बाळू आणि त्यांच्या साथीदारांनी त्यांना १०२ धावांत गुंडाळले. हिंदू १०९ धावांनी जिंकले. संघात शिवरामही होते. म्हणजे हिंदूंच्या या मोठ्या विजयात दोन शिलेदार त्या घरचे, ज्या घराला हिंदूंची देवळे बंद होती.

या सामन्यानंतर समाजसुधारकांच्या एका पत्राने धावांपेक्षा वेगळ्याच गोष्टीची नोंद घेतली. पुण्यात या भावांना चहा तंबूबाहेर मिळत होता. मुंबईच्या हिंदू जिमखान्यात ते आता इतर खेळाडूंबरोबर एका पंगतीला जेवू लागले होते. दहा-बारा वर्षांत मडके जाऊन ताट आले. आजच्या वाचकाला ही मजल क्षुल्लक वाटेल. त्या दिवसांत भल्याभल्या सुधारकांना सहभोजनाचे पाऊल उचलताना घाम फुटत असे, हे आठवले म्हणजे तिचे मोल कळते.

एकशे चौदा बळी

सर्व भारताचा एक संघ इंग्लंडला पाठवायचा, हा बेत बरीच वर्षे घोळत होता. कोणत्या जमातीचे किती खेळाडू यावर गाडे अडे. १९११ साली ते सुटले. कर्णधार झाले पतियाळाचे तरुण महाराजा भूपिंदर सिंग. त्यांचे वय एकोणीस होते. संघात पारशी, हिंदू आणि मुसलमान खेळाडू होते. बडोद्याचे राजपुत्र होते, अलीगढच्या कॉलेजातले तरुण होते आणि पालवणकरांचे दोघे भाऊ होते. सिंहासनापासून गावकुसाबाहेरच्या घरापर्यंतचा हिंदुस्थान एका बोटीत बसून मे महिन्यात मुंबईहून निघाला. हिंदुस्थान हा एक देश आहे की नाही, यावर विलायतेत शंका घेतली जात होती. तेव्हा एका नावाखाली खेळणारा हा संघच तिचे उत्तर होता.

खेळाच्या हिशेबाने दौरा फारसा यशस्वी झाला नाही. एकूण २३ सामने झाले, सहा जिंकले, पंधरा हरले, दोन अनिर्णित राहिले. महाराजा मेजवान्या आणि दरबारी भेटींतच गुंतलेले असत. ते वर्ष पंचम जॉर्ज बादशहाच्या राज्यारोहण समारंभाचे होते. कर्णधार मोजक्याच सामन्यांत खेळले. थंडी, ओलसर खेळपट्ट्या, रोजचा प्रवास आणि मुरलेले परगणा संघ यांच्यापुढे बाकीच्यांची दमछाक झाली.

या पडझडीत एक माणूस उभा राहिला. पस्तिशीला आलेल्या बाळूंनी दौऱ्यात ११४ बळी घेतले. दर बळीमागे धावा एकोणीसपेक्षाही कमी. त्यांतले ७५ बळी पहिल्या प्रतीच्या सामन्यांतले. लीस्टरशायर परगण्याला भारतीयांनी सात गडी राखून हरवले. सॉमरसेटविरुद्धचा सामना तर अखेरच्या जोडीने जिंकून दिला. त्यात शिवराम पालवणकरांनी नाबाद ११३ धावा ठोकल्या आणि संघ एका गड्याने विजयी झाला. इंग्लंडचे जाणकार बाळूंची तुलना विल्फ्रेड ऱ्होड्सशी करू लागले. डाव्या हाताच्या फिरकीत ऱ्होड्सपेक्षा वरचे नाव त्या काळी इंग्लंडला ठाऊक नव्हते.

भारताला कसोटी सामना खेळायला मिळाला तो १९३२ साली, लॉर्ड्सवर. तेव्हा बाळू छप्पन्न वर्षांचे होते. त्यामुळे कसोटी खेळाडूंच्या यादीत त्यांचे नाव नाही. पहिल्या प्रतीच्या ३३ सामन्यांत त्यांनी १७९ बळी घेतले, तेही दर बळीमागे पंधराच्या आसपास धावा देऊन. एका डावातली सर्वोत्तम कामगिरी १०३ धावांत ८ बळींची. त्या काळचे बरेच सामने या मोजदादीत धरलेच जात नाहीत. तेव्हा या आकड्यांवरून बाळूंची मोजणी अर्धवटच होते.

दौऱ्याहून परतल्यावर मुंबईच्या दलित समाजाने बाळूंचा सत्कार केला. मानपत्र लिहिले होते एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या एका विशीतल्या तरुणाने. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. पुढे लाखोंच्या मनात ज्यांनी स्वाभिमान जागवला, त्यांच्या तरुणपणी आपल्यातला मोठा माणूस म्हणून ज्याच्याकडे बोट दाखवता येई, तो हा फिरकी गोलंदाज होता.

कर्णधारपदाचा पेच

पंगत झाली, परदेश झाला. उरले होते पुढारीपण. मुंबईत हिंदू, पारशी, युरोपियन आणि १९१२ पासून मुसलमान अशा चार संघांची चौरंगी स्पर्धा भरू लागली. तिला जत्रेसारखी गर्दी लोटे. हिंदू संघात बाळूंइतका अनुभवी आणि डावपेचांत मुरलेला खेळाडू दुसरा नव्हता. तरीही कर्णधार निवडताना दर वर्षी त्यांच्या नावाला वळसा घातला जाई. संघात घेणे ही गरज होती. त्यांच्या हुकमतीखाली खेळणे ही निराळी गोष्ट. खालच्या मानलेल्या जातीच्या माणसाने क्षेत्ररक्षण लावायचे आणि वरच्या मानलेल्यांनी त्याच्या इशाऱ्यावर धावायचे, हे अनेकांच्या गळी उतरत नव्हते.

अन्याय होतो आहे, हे संघातल्यांनाही कळत होते. १९१३ साली कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी आपल्या सत्काराच्या वेळीच जाहीरपणे सांगितले, की हा मान ज्येष्ठ सहकारी बाळू यांना मिळायला हवा होता. स्वतःला मिळालेल्या मानाबद्दल असे बोलायला मोठे मन लागते. निवड समितीच्या कानांवर मात्र ते पोचले नसावे.

१९२० साली गोष्ट टोकाला गेली. पै आजारी पडले. कर्णधारपद पुण्याच्या दि. ब. देवधरांकडे गेले. देवधर थोर खेळाडू होते, त्यांच्या गुणांविषयी प्रश्न नव्हता. पण ते पालवणकर बंधूंहून धाकटे होते आणि त्यातच बाळूंना संघातूनच वगळण्यात आले. मग शिवराम आणि विठ्ठल यांनी जे केले, ते भारतीय क्रिकेटमध्ये आधी कोणी केले नव्हते. दोघांनी संघातून अंग काढून घेतले आणि जाहीर निवेदन काढून कारण स्पष्टपणे मांडले. आम्हांला डावलले जाते ते खेळामुळे नव्हे, जातीमुळे, हा त्याचा गाभा होता. वृत्तपत्रांत चर्चा झडली, लोकमत भावांच्या बाजूने झुकले. पुढच्या सामन्याला पै परतले, भाऊ परतले आणि बाळूंना उपकर्णधार करण्यात आले. त्या सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले, तेव्हा हिंदू संघाची सूत्रे बाळूंच्या हाती आली. चव्वेचाळिसाव्या वर्षी, कारकिर्दीच्या अखेरीस, काही घटकांपुरती. पूर्ण सामन्याचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही.

ते मिळाले विठ्ठलला. असहकाराच्या चळवळीने देश ढवळून निघाला होता, अस्पृश्यता निवारण हे राष्ट्रीय कार्य म्हणून गावोगाव सांगितले जात होते. अशा दिवसांत, १९२३ साली, हिंदू संघाचे कर्णधारपद विठ्ठल पालवणकरांकडे आले. त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदूंनी त्या वर्षी चौरंगी जिंकली, पुढे १९२५ आणि १९२६ मध्येही जिंकली. ज्यांच्या हाताखाली खेळणे जड जाईल असे वाटत होते, त्यांच्या हाताखाली संघ चार वर्षांत तीनदा विजेता ठरला. विठ्ठल यांनी पुढे १९४८ साली माझे क्रीडाजीवन हे आत्मचरित्र मराठीत लिहिले.

राजकारणाची खेळपट्टी

खेळातून निवृत्त झालेल्या बाळूंना राजकारणाने ओढले. तेथे त्यांची गाठ पडली ती ज्यांनी आपले मानपत्र लिहिले त्या आंबेडकरांशी, आणि तीही विरुद्ध बाजूने. अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ हवेत, असे डॉ. आंबेडकरांचे मत होते. बाळू संयुक्त मतदारसंघाच्या बाजूचे होते. सप्टेंबर १९३२ मध्ये गांधीजींचे उपोषण चालू असताना पुणे करार झाला. त्यावर सह्या करणाऱ्यांत बाळूंचेही नाव आहे. ज्या पुण्यात चार रुपयांवर रूळ ओढला, त्याच पुण्यात देशाच्या राजकारणाला वळण देणाऱ्या कागदावर त्यांनी सही केली.

१९३३ साली मुंबई महापालिकेच्या पोटनिवडणुकीत ते हिंदू महासभेतर्फे उभे राहिले आणि डॉ. होमी पावरी यांच्याकडून पराभूत झाले. १९३७ साली मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट डॉ. आंबेडकरांसमोर उभे केले. आंबेडकरांना १३,२४५ मते मिळाली, बाळूंना ११,२२५. अंतर अवघे दोन हजार वीस मतांचे.

या लढतीकडे मागे वळून पाहताना कोणा एकाला खरे आणि दुसऱ्याला खोटे ठरवण्याचा मोह होतो. तो टाळावा. बाळूंचा सारा अनुभव हा आत शिरण्याचा होता. एकेक दार ठोठावत गेलो, तर ते उघडते, उशिरा का होईना उघडते, असे त्यांना त्यांच्या आयुष्याने शिकवले होते. आंबेडकरांचा अनुभव असा, की दार उघडण्याची वाट पाहत बसलेल्यांच्या पिढ्या उंबऱ्याबाहेरच संपतात. दोघांनीही अपमान सोसला होता. त्याच अपमानातून दोघांनी दोन निष्कर्ष काढले. बाळूंसाठी जी दारे उघडली, ती अकरा जणांत सर्वांत जास्त बळी घेणाऱ्या माणसासाठी उघडली होती. ज्यांच्या हाती फिरकी नव्हती अशा लाखोंनी काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर क्रिकेटकडे नव्हते. इतिहासाने आंबेडकरांकडे ते अधिक स्पष्टपणे पाहिले, यात नवल नाही. त्याची एक किंमत मात्र बाळूंना मोजावी लागली. राजकारणातल्या त्या बाजूमुळे त्यांच्याच समाजात त्यांचे नाव मागे पडले आणि क्रिकेटच्या पुस्तकांत ते कसोटीपूर्व काळातले एक नाव होऊन राहिले.

पंढरीचे दार

विठोबाच्या पंढरीत महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ चोखोबांची समाधी आहे. जन्मभर विठ्ठलाचे नाव घेणारा हा संत दाराबाहेर राहिला आणि समाधीही दाराबाहेरच झाली. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण मांडले, तेव्हा कोठे हे दार सर्वांसाठी उघडण्याचे ठरले. बाळू त्या वेळी सत्तरी ओलांडून गेले होते. गोऱ्यांचा पूना क्लब, हिंदू जिमखान्याची पंगत, इंग्लंडची मैदाने, चौरंगीचे उपकर्णधारपद असे सारे उंबरे आधी ओलांडून झाले, तरी विठ्ठलाचा उंबरा सर्वांत शेवटी उरला होता.

येथे आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. बाळूंच्या काळातल्या त्या खुल्या मैदानावर बाई कोठेच नव्हती. अर्ध्या समाजाला तंबूच नव्हे, मैदानही बंद होते. ते उघडायला आणखी काळ गेला. ज्या पुण्यात बाळूंनी रूळ ओढला, त्याच पुण्यात १९७३ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. संघ तीनच होते: मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. १९७५ मध्ये ऑस्ट्रेलियाचा पंचवीस वर्षांखालील महिलांचा संघ भारताच्या दौऱ्यावर आला, तेव्हा त्यांचा एक सामना पुण्यातच झाला. १९७६ साली भारतीय महिला आपला पहिला कसोटी सामना वेस्ट इंडीजशी खेळल्या. मैदान मिळाल्यावरही त्यांना पैसा, प्रवास, निवास, प्रेक्षक या एकेका गोष्टीसाठी झगडावे लागले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी नवी मुंबईत विश्वचषक उंचावला, तो दिवस अशा पन्नास वर्षांच्या वाटचालीनंतर उगवला. खेळ आपोआप कोणाला सामावून घेत नाही. आधी लागतो तो खेळाडूचा गुण. त्यानंतर कोणीतरी रानडे, कोणीतरी पै, कोणीतरी संघातून अंग काढून घेणारे भाऊ लागतात. एकटा गुण मैदानापर्यंत नेतो. तंबूचे दार आतून उघडावे लागते.

बाळू पालवणकर ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले. तोवर अस्पृश्यता घटनेने बंद केली होती, चौरंगी आणि तिच्यामागून आलेली पंचरंगी स्पर्धा इतिहासजमा झाली होती. जातीधर्माच्या नावाने संघ उतरवायची पद्धतही मागे पडली होती. भारत आता कसोटी सामने जिंकू लागला होता. त्या संघातली फिरकीची परंपरा मोजताना आपण विनू मांकडपासून सुरुवात करतो. ती खरे म्हणजे पुण्याच्या एका मैदानावर, पहाटेच्या वेळी, आठ आण्यांसाठी एका साहेबाला पुन्हा पुन्हा चकवणाऱ्या डाव्या हातापासून मोजायला हवी.